मालक त्याच घरात हवा

आमचं ऑफिस सोफियात, म्लादोस्त वस्तीच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून आठ मजली पॅनेलच्या इमारतींची रांग दिसते आणि सप्टेंबरात त्यांच्या बाल्कन्यांतून भाजलेल्या मिरच्यांचा वास येतो. मी भौतिकशास्त्र शिकले आणि दोन वर्षांपूर्वी इथे नोकरीला लागले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात आमची कंपनी भिंतीवर एक पेटी बसवते. दाराचं कुलूप, गॅस आणि गोळ्यांचा डबा ही पेटी सांभाळते. म्हाताऱ्या माणसाच्या मनगटावर एक पट्टा असतो. दार बाहेरून आणि आतूनही त्या पट्ट्यानेच उघडतं, कारण विसराळू माणसं भलत्या वेळी घराबाहेर पडतात अशी मुलांची तक्रार असते. करार मुलं करतात. मुलं बहुतेक जर्मनीत असतात.

आमच्या सर्व्हरवर कुबरनेटीस नावाची व्यवस्था चालते. त्यात प्रत्येक इमारतीला एक नेमस्पेस आहे, म्हणजे नोंदींचं वेगळं घर. घरात दर माणसाची एक नोंद. त्या नोंदींवर नजर ठेवून, लिहिलंय तसं कुलूप आणि गॅस चालतात की नाही हे पाहणाऱ्या प्रोग्रामला ऑपरेटर म्हणतात. तो मी लिहिते. परदेशातल्या मुलांच्या नोंदींचं घर निराळं. त्याला आमचा टीम लीड ओग्न्यान याने थट्टेत 'चुझ्बिना' नाव दिलं, म्हणजे परका मुलुख, आणि तेच कायम झालं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला असं ठरलं, की मुलाने करार संपवला की आईची नोंद आपोआप निघाली पाहिजे. प्रत्येक नोंदीत मालकाचं नाव लिहायला एक जागा असते. मालक गेला की सर्व्हरचा झाडूवाला, म्हणजे साफसफाईचा प्रोग्राम, येतो आणि नोंद उचलून नेतो. मी आईच्या नोंदीत मालक म्हणून चुझ्बिनातल्या मुलाचं नाव लिहिलं. सर्व्हरने ते मुकाट्याने घेतलं. तो हे तपासत नाही. पण झाडूवाला मालकाला फक्त त्याच घरात शोधतो. दुसऱ्या घरात मालक धडधाकट असला तरी त्याच्या लेखी तो नाहीच, आणि ज्याला मालक नाही ते बेवारस. हे मला पाठ होतं. तरी मी लिहिलं.

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला अकरा नोंदींवर झाडू फिरला.

"अभिनंदन, बिस्त्रा," ओग्न्यान चाकांच्या खुर्चीवरूनच माझ्याकडे सरकत आला. "अकरा आज्या एका दमात. साथीच्या रोगालासुद्धा एवढं जमत नाही."

"बॅकअप आहे."

"मग तोंड असं कशाला? आण त्यांना परत. मी कॉफी आणतो. तुला साखर नको, तू आधीच खूप गोड काम केलंयस."

दहा नोंदी वीस मिनिटांत परत आल्या. अकरावी मुळात गेलीच नव्हती. आदल्या दिवशी प्रयोग करताना मी तिच्यावर सील लावलं होतं आणि काढायला विसरले होते. सील असलेली नोंद पुसायचा हुकूम झाला तरी ती जात नाही. सील निघेपर्यंत अडकून राहते. हुकूम मात्र मागे घेता येत नाही. नोंदीवर तारीख-वेळेचा ठसा उमटतो, आणि तो ठसा पुसायची सोय हे सगळं बनवणाऱ्यांनी ठेवलेलीच नाही. मार्ग एकच. सील काढायचं, नोंद जाऊ द्यायची आणि त्याच नावाची नवी बनवायची. पाच मिनिटांचं काम.

पाउना स्तोएवा, वय एक्क्याऐंशी, इमारत चौऱ्याहत्तर, फ्लॅट एकतीस. मुलगा प्लामेन, डॉर्टमुंड. सीलवर नाव माझं.

तेवढ्यात मदतकक्षातून निरोप आला: फ्लॅट एकतीसची पेटी सूचना देतेय, पट्टा लावूनही दार उघडत नाही. दीड वाजेपर्यंत मुलाला फोन लावत राहिलो, तो उचलत नव्हता. आमच्याकडे नियम आहे की नोंद पुसून नवी करताना घरात आपलं माणूस हजर हवं, कारण तेवढा वेळ गॅसवर कोणाची नजर नसते.

"जा तू," ओग्न्यान म्हणाला. "बसने दोन थांबे. जाताना चीजची गरम बानित्सा घेऊन जा, म्हातारी आशीर्वाद देईल. पण पाचला नवी आवृत्ती चढवायची आहे. तोवर ती नोंद अडकलेली दिसली तर मी इथून सील काढून टाकीन."

दुरुस्तीची किल्ली आणि लॅपटॉप घेऊन मी निघाले.

इमारत चौऱ्याहत्तर इतर इमारतींसारखीच आहे. लिफ्टमध्ये एक माणूस आणि त्याची पिशवी मावते. पाचव्या मजल्यावर किल्लीने दार बाहेरून उघडलं. मी आत गेले, दार मागे आपोआप लागलं.

"बूट काढ, चपला तिथे आहेत," स्वयंपाकघरातून आवाज आला. "कोण ग तू? कोणाची?"

"कंपनीतून आले, लेल्या पाउना. दाराचं पाहायला." लेल्या म्हणजे मावशी.

"कंपनीचं कोणी नसतं. माणसाची सांग."

"आई विदिनला असते. वडील नाहीत."

"हं. म्हणजे कोणाचीच नाहीस इथे," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. लहान चणीची बाई, फुलाफुलांचा झगा, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. तिने माझ्यापुढे कॉफी ठेवली. तिचा स्वतःचा कप आधीच टेबलावर होता, वाफाळता. पेटी सर्व्हरशी बोलते त्याच जोडणीवर मी लॅपटॉप लावला; तिच्यावरून फक्त नोंदींचं काम होतं, निरोप पाठवता येत नाही. फोनला मात्र त्या घरात सिग्नल नव्हता.

"सकाळपासून दार अडून बसलंय," ती म्हणाली. "खाली बाकावर बाया वाट बघत असतील. आणि ही कॉफी बघ. एवढी गरम की पिता येत नाही."

"आत्ताच केलीत ना."

"साडेदहानंतर केली."

घड्याळात सव्वादोन वाजले होते. मी कपाला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. मला वाटलं, म्हातारी वेळ विसरते, नोंदीत तसं लिहिलेलंच आहे. माझी कॉफी दहा मिनिटांत कोमट झाली. तिच्या कपातून वाफ तशीच निघत राहिली. मी फोनवर वेळ लावली आणि वीस मिनिटं त्या कपाकडे पाहत बसले. वस्तू किती वेगाने निवते याचं गणित पहिल्या वर्षी शिकवतात. त्या कपाला ते लागू नव्हतं.

मग मला बाल्कनीतले कपडे दिसले. दोन चादरी, एक झगा. ऊन कडक होतं, आणि चादरींच्या टोकांतून थेंब पडत होते, हळू, ठराविक अंतराने. खालची फरशी कोरडी होती.

"हे कपडे कधी वाळत घातलेत?"

"न्याहारी झाल्यावर. आज वाळायचं नावच घेत नाहीत." ती हसली. "मलाही तसंच झालंय, बघ. भूक नाही, तहान नाही. गुडघासुद्धा दुखत नाहीये, तो तर सतरा वर्षं दुखतोय. चांगलंच आहे म्हणायचं. पण घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. बाहेर पडायला हवं मला."

मला काम उरकून निघायचं होतं. सील काढायची आज्ञा मी लिहिली. सवयीने आधी चाचणी घेतली. सर्व्हरला नुसतं विचारता येतं की हे केलं तर काय होईल. तो सगळं करून पाहतो, फक्त लिहून ठेवत नाही.

लेल्या पाउना शेजारणीच्या जावयाबद्दल बोलत होती. "आणि तो मेला म्हणतो, मला मिरच्या सोलायला..."

मी कळ दाबली.

आवाज तुटला. मी मान वर केली तर समोरची खुर्ची रिकामी होती. खुर्चीवरची उशी फुगलेली होती, कोणी कधी बसलंच नव्हतं अशी. टेबलावर एकच कप होता, माझा. बाल्कनीत दोरी मोकळी. भिंतीवर मघाशी कॅलेंडर होतं, आता खिळ्याखाली त्याच्या आकाराचा फिकट चौकोनही नव्हता; नुसती सारख्या रंगाची भिंत.

पडद्यावर सर्व्हरचं उत्तर आलं: नोंद पुसली गेली असती.

"...येत नाही. येत नाही म्हणे! हात मोडलेत का?" लेल्या पाउना म्हणाली. ती खुर्चीत होती. कप होता. चादरी ठिबकत होत्या.

चाचणीला किती वेळ लागला ते सर्व्हर लिहितो. शून्य पूर्णांक चार सेकंद.

"काय झालं ग? रंग उडालाय तुझा."

"काही नाही."

"मघाशी मला एकदम हलकं वाटलं," ती हळूच म्हणाली. "चांगलं नाही वाटलं."

तीन वाजायला सात मिनिटं होती. मी ओग्न्यानला फोन लावायला बाल्कनीत गेले, बाथरूममध्ये गेले, खिडकीबाहेर हात काढून पाहिला. सिग्नल नाही. दाराशी गेले. किल्ली बाहेरून लागते. आतून पट्टा लागतो, आणि जिची नोंद पुसण्याच्या वाटेवर आहे तिचा पट्टा कुलूप ओळखत नाही. मी दार वाजवलं, हाका मारल्या. जिन्यावरून कोणीतरी शिट्टी वाजवत खाली गेलं, अगदी माझ्या दारासमोरून.

पाचला ओग्न्यान सील काढणार होता. तो चाचणी घेत नाही.

मी सीलची दुसरी प्रत लावून पाहिली. पुसायच्या वाटेवरच्या नोंदीला नवं सील लागत नाही, सर्व्हरने नकार दिला. नवी नोंद आधी बनवून पाहिली. त्याच घरात त्याच नावाची दुसरी नोंद होत नाही, नकार. सव्वाचार वाजले. लेल्या पाउना माझ्यामागे उभी राहून पडद्याकडे बघत होती.

"ते माझं नाव ना? आणि हे कोणाचं?"

"प्लामेनचं. तुमचा मालक म्हणून लिहिलंय. पण तो इथे नाही, म्हणून यंत्र तुम्हाला बेवारस समजतंय."

"यंत्राला बरं कळतं," ती म्हणाली. मग पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवून, "पोरी, मला तसं जायचं नाही. मघासारखं. मेले तर मरेन, माणसं रडतील, इमारतीच्या दारावर माझ्या फोटोसकट निधनाचा कागद लावतील. पण तसं नको."

चार सत्तेचाळीसला माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. मालकाची ओळ बदलता येते. मालक त्याच घरात हवा. इमारत चौऱ्याहत्तरच्या घरात मी एक नवी नोंद बनवली. बिस्त्रा, वय सव्वीस, फ्लॅट एकतीस. आणि लेल्या पाउनाच्या नोंदीत प्लामेनचं नाव पुसून मालक म्हणून माझं नाव लिहिलं.

याने ठसा पुसला जायला नको होता. झाडूवाला मालक पाहतो तो हुकुमाच्या आधी. हुकूम झाल्यावर नाही. मला फक्त काहीतरी करायचं होतं.

ठसा गेला.

मी नोंद तीनदा नव्याने उघडली. तारीख नव्हती, वेळ नव्हती. नोंद हिरवी होती, म्हणजे सगळं ठीक. माझं सील तिच्यावर उगाच लटकत होतं, ते मी काढलं. काहीच झालं नाही. लेल्या पाउनाने कप उचलला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"थंडगार झाली की ग."

बाल्कनीतल्या चादरी वाऱ्याने फडफडत होत्या. तिचा गुडघा दुखू लागला होता, आणि ती त्याला शिव्या घालत हसत होती. तिने पट्टा दाराला लावला. दार उघडलं.

"चल, खाली जाऊ. बायांना दाखवते तुला."

मी तिच्या एक पाऊल मागे होते. दार लागलं. ती बाहेर होती, मी आत.

ती परत आली तेव्हा आम्ही पुन्हा करून पाहिलं. हात धरून गेलो. माझा हात मुठीसकट माझ्यापाशी राहिला. तिला दारात उभं करून मी पुढे निघाले. पाहते तर मी स्वयंपाकघराकडे तोंड करून चालत होते. मी दारात खुर्ची आडवी टाकली. नजर न हलवता पाहत होते, तरी खुर्ची कधी टेबलापाशी गेली ते सांगता येणार नाही. बुधवारी असे चौदा प्रयत्न केले आणि लिहून ठेवले. गुरुवारी केले नाहीत.

मला भूक लागत नाही. माझी कॉफी निवत नाही.

तिच्या नोंदीतली मालकाची ओळ पुसली तर दार बहुधा मलाही उघडेल, पण मग कदाचित ती जाईल. ओळ माझ्यासमोर आहे, कर्सर तिच्या शेवटी आहे. चाचणी घ्यायचं धाडस मी केलेलं नाही.

लेल्या पाउना माझ्याशी चांगली वागते. गुरुवारी तिने मिरच्या भाजल्या आणि सोलताना मला समोर बसवलं. "घरात कोणीतरी असलं की बरं असतं," ती म्हणाली. शुक्रवारी प्लामेनचा फोन आला; तिच्या फोनला आता सिग्नल असतो, माझ्या हातात आला की जातो. ती म्हणाली, छान आहे, तू तुझं बघ. तिने माझी गोष्ट काढली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "त्याला कशाला काळजी?" आणि गाणं गुणगुणत भांडी विसळायला लागली. मी लिहितेय ते पेटीच्या जोडणीवरून फक्त नोंदीतच जातं, तिच्या शेरा लिहायच्या जागेत. हे सगळं तिथेच लिहितेय. ओग्न्यानला ते दिसू शकतं. पण हिरव्या नोंदी कोणी उघडून पाहत नाही. मीही पाहत नसे.

आज शनिवार. अकरा वाजता बेल वाजली.

लेल्या पाउना खाली बाकावर होती. मी दाराच्या भोकातून पाहिलं. ओग्न्यान होता, सुट्टीच्या दिवशीचा, दाढी न केलेला.

"बिस्त्रा? आहेस का? आजारी आहेस की दुसरी नोकरी धरलीस?"

मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. किंचाळले. तो माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्याने कान दाराला लावला, थोडा वेळ तसाच राहिला, मग कान खाजवला आणि लिफ्टचं बटण दाबलं.

मी खिडकीकडे धावले. माझा आवाज खाली जात नाही. त्यांचा वर येतो.

तो बाकापाशी गेला. तिघी बाया होत्या, लेल्या पाउना मधोमध, मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पुडी.

"एकतीसवाल्या तुम्हीच ना, लेल्या? आमची एक मुलगी मंगळवारी तुमच्याकडे आली होती."

"आली होती. दार दुरुस्त केलं. गुणी पोर."

"त्यानंतर ती कोणाला दिसलेली नाही. आईलाही फोन नाही. पोलिसांकडे जावं म्हणतोय."

"अरे, पोरी कुठे जातात ते मला काय विचारतोस? जर्मनीला गेली असेल. तू बरा मागे राहिलास." बाया हसल्या.

ओग्न्यान हसला नाही. "तुमच्या घरात नाही ना ती, लेल्या? खरं सांगा. काही झालं असेल तर मी दार तोडून बघतो."

तिने मान वर केली. पाच मजले चढत नजर सरळ माझ्या खिडकीवर आली. मी दोन्ही हात हलवत होते. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली, घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला होता की नाही हे आठवणाऱ्या माणसासारखी.

मग तिने हनुवटी वर उडवली आणि टाळ्याला जीभ लावून 'च्क' केलं. नाही.

ती बाकावर थोडी सरकली, शेजारची जागा हाताने झटकली आणि पुडी त्याच्यापुढे धरली. त्याने मूठभर बिया घेतल्या आणि बसला.